वेग, कवच आणि श्रवण

ऐकणे ही क्रिया आपण फारच सोपी समजत आलो आहोत. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. तेव्हा ऐकू येणे हे आपल्या प्रयत्नावाचून घडते, असा आपला समज असतो. ऐकू आले नाही, तर दोष बाहेरचा. बोलणाऱ्याचा आवाज क्षीण होता, सभागृह वाईट होते, रस्त्यावर वाहनांचा गोंगाट होता. आपल्या परंपरेने मात्र श्रवणाला इतके सोपे मानलेले नाही. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकातील पहिला समास श्रवणभक्तीलाच वाहिलेला आहे. वेदान्तातही मनन आणि निदिध्यासन या पायऱ्या श्रवणानंतरच्या. जी गोष्ट आपोआप घडते, तिला साधनेची पहिली पायरी कोण म्हणेल? ज्याअर्थी तिला साधना म्हटले, त्याअर्थी ती साधावी लागते.

हा विचार माझ्या मनात अनेक वर्षे अर्धवट पडून होता. तो पुढे सरकला तो एका अनपेक्षित विषयामुळे. सेवानिवृत्तीनंतर माणसाच्या वाचनाला काही दिशा राहत नाही. हाती येईल ते तो वाचतो. तसेच वाचता वाचता पाण्याखालील ध्वनिशास्त्राविषयीचे काही लेखन हाती आले. जहाज किंवा पाणबुडी पाण्यातून जाताना तिच्याच अंगावरून वाहणाऱ्या पाण्याचा जो कल्लोळ होतो, तो रबरासारख्या लवचीक लेपाने कसा कमी करता येईल, हा त्यातील विषय. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. परंतु त्यातील मूळ गोष्ट समजली, तेव्हा हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नाही, हा आपला सर्वांचा प्रश्न आहे, असे वाटले.

गोष्ट अशी आहे. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, रेडिओलहरीही जात नाहीत. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने आणि फार दूरवर जातो. म्हणून समुद्रात पाहणे म्हणजे ऐकणेच. जहाजाच्या तळाशी, नाकाकडच्या भागात, एका घुमटाकृती आवरणात सोनारचे कान, म्हणजे हायड्रोफोन, बसवलेले असतात. जहाज उभे असेल तर ते दूरचा क्षीण आवाजही टिपतात. जहाज चालू लागले की घुमटाच्या पृष्ठाला लागून पाण्याचा एक पातळ थर खेचला जातो. शास्त्रज्ञ त्याला सीमास्तर म्हणतात. वेग अल्प असेतो हा थर संथपणे, पानावर पान ठेवल्यासारखा, सरकतो. एका मर्यादेपलीकडे तो विसकटतो, त्यात असंख्य लहानमोठे भोवरे उठतात आणि ते भोवरे घुमटावर सतत थापा मारीत राहतात. हायड्रोफोनला दाबाची चढउतार तेवढी कळते. ती दूरच्या जहाजाची आहे की अंगाला घासून गेलेल्या भोवऱ्याची, हे त्याला कळत नाही. भोवऱ्यांच्या या दाबाचे बळ साधारणतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की थाप चौपट होते.

म्हणजे काय झाले? समुद्र गप्प आहे, शत्रू गप्प आहे, आणि तरीही ऐकणाऱ्याला काही ऐकू येत नाही. कारण तो धावतो आहे. त्याला बहिरा करणारा गोंगाट त्याच्या स्वतःच्या गतीतून, त्याच्याच कातडीवर जन्मला आहे. जहाज थांबले की तो नाहीसा होतो. बाहेरचा गोंगाट आपण ओळखतो आणि त्याची तक्रारही करतो. हा गोंगाट मात्र ऐकणाऱ्याला स्वतःचा म्हणून कधी कळतच नाही. त्याला वाटते, समुद्रच असा आहे.

यावर नौदलांनी काढलेला जुना तोडगा सरळ आहे. काही अंतर वेगाने जायचे, मग वेग उतरवून ऐकायचे, पुन्हा वेगाने जायचे. इथे थांबलो असतो, तर लेख सोपा झाला असता. वेग वाईट, संथपणा चांगला, एवढे सांगून मोकळे होता आले असते. निवृत्त माणसाला तसे सांगणे शोभूनही दिसते. परंतु आपल्याच इतिहासातील एक प्रसंग मला तसे करू देत नाही.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्याजवळ भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. त्या रात्री ‘खुकरी’ पाणबुडीच्याच शोधात होती. तिच्या सोनारची ऐकण्याची शक्ती वाढविण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी तिने वेग कमी ठेवला होता, अशी नोंद नौदलाच्या इतिहासात आहे. नीट ऐकता यावे म्हणून जहाज मंदावले, आणि मंदावलेले जहाज हे पाणबुडीचे सोपे लक्ष्य असते. युद्धात एका गोष्टीवर परिणाम ठरत नसतो, हे खरे. तथापि एवढे निश्चित की ऐकण्यासाठी मंदावणे हे नेहमी विनामूल्य नसते. कधी त्याची किंमत प्राणांनी द्यावी लागते.

तेव्हा खरा नैतिक प्रश्न असा उभा राहतो: ज्याला थांबणे शक्य नाही, त्याने ऐकण्याचे कर्तव्य पार कसे पाडावे? साधूला थांबता येते. सेनापतीला, शल्यविशारदाला, जिल्हाधिकाऱ्याला, पाच मुलांच्या आईला नेहमी थांबता येत नाही. वेग हा त्यांच्या कर्तव्याचाच भाग असतो. मग त्यांना बहिरेपणाची सूट द्यायची काय? ‘कामाच्या रगाड्यात लक्षात आले नाही’ हे वाक्य आपण जन्मभर ऐकतो आणि बोलतोही. ते कारण झाले. पण ते समर्थन होते काय?

लवचीक लेपाचा विचार या ठिकाणी येतो. तो वेग आणि श्रवण या दोहोंचा मेळ घालू पाहतो. त्याची कार्यपद्धती थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे.

समजा, आपल्याला सेकंदाला एक हजार कंपनांचा स्वर ऐकायचा आहे. पाण्यात त्या स्वराची लहर दीड मीटर लांबीची असते. आता जहाज ताशी वीस सागरी मैलांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने चालले आहे. त्याच्या अंगावरचे भोवरे त्याहून काहीसे मंद, समजा सेकंदाला सात मीटरने, सरकतात. हे भोवरेही हायड्रोफोनला सेकंदाला हजार थापा मारू शकतात. पण त्यांच्या थापांमधील अंतर अवघे सात मिलिमीटर असते. कंपनांची संख्या तीच; एकाची लहर दीड मीटरची, दुसऱ्याची सात मिलिमीटरची. केवळ कानावर विसंबणाऱ्याला दोन्ही सारखेच. परंतु मध्ये रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा एक थर ठेवला की दोघांतला भेद उघड होतो. इतक्या तोकड्या लांबीची गडबड थरात खोल शिरू शकत नाही; तत्त्वतः तिच्या स्वतःच्या लांबीइतक्या खोलीवर ती पाचशेव्या हिश्शाहूनही क्षीण होते. दूरवरून आलेली खरी लहर मात्र तो थर जणू नाहीच अशी आरपार जाते. कारण लेपाचे द्रव्य असे निवडतात की ध्वनीच्या दृष्टीने ते पाण्याहून वेगळे पडू नये.

या कवचाचे हे वैशिष्ट्य मला मोलाचे वाटते. आपण ज्याला कवच म्हणतो, ते बाहेरचे सगळेच अडवते. जाड कातडीचा माणूस असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला शिवी लागत नाही आणि हाकही पोहोचत नाही, असाच आपला अर्थ असतो. हे कवच तसे नाही. जवळची, उथळ, क्षणात उठून क्षणात विरणारी खळबळ ते कानापर्यंत पोहोचू देत नाही. आणि जे दूरवरून, मोठा पल्ला चालून आलेले आहे, त्याची वाट ते अडवीत नाही. यासाठी त्याला दोन गुण लागतात. एक, ज्यातून आवाज यायचा त्या माध्यमाशी समधर्मी असणे. पोलादाचा पत्रा बसवला तर आवाज परततो. दुसरा, पुरेशी जाडी. शंभर कंपनांच्या खालच्या स्वरात तेच भोवरे सात सेंटिमीटरचे होतात आणि पातळ लेप त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरतो. वरवरची चिडचिड थोड्या संयमाने शमते. आत मुरलेला, मंद स्वराचा पूर्वग्रह मात्र पातळ शिष्टाचाराला जुमानत नाही, असे याचे मानवी भाषांतर करता येईल.

लवचिकतेची दुसरी एक कहाणी आहे, ती अधिक उद्बोधक आहे. १९३६ साली जेम्स ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने गणित मांडले की, डॉल्फिन ज्या वेगाने पोहतो त्यासाठी त्याच्या स्नायूंना सुमारे सातपट अधिक शक्ती हवी. तेव्हा त्याच्या त्वचेतच काही गुपित असले पाहिजे, असा तर्क रूढ झाला. मॅक्स क्रेमर या जर्मन अभियंत्याने अमेरिकेत रबराची दुहेरी त्वचा बनवली. मध्ये रबराचेच बारीक खुंट आणि त्यांच्यामधल्या पोकळीत दाट द्रव. डॉल्फिनच्या त्वचेप्रमाणे ही त्वचा प्रवाहातील पहिली थरथर शोषून घेईल आणि प्रवाह विसकटण्याचा क्षण पुढे ढकलील, ही त्याची कल्पना. १९५७ व १९६० साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्याचा विरोध साठ टक्क्यांच्या जवळपास घटल्याचा त्याचा दावा होता. इतरांनी तसेच प्रयोग केले. त्यांना यश आले नाही. पुढची पंचवीस वर्षे हा विषय हसण्यावारी गेला. मग १९८० च्या दशकात पीटर कार्पेंटर आणि गॅराड यांनी गणिताने दाखवले की, क्रेमरची मूळ कल्पना तत्त्वतः चुकीची नव्हती. १९८७ मध्ये बंगळूर येथे प्रक्षुब्ध प्रवाहांवर एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. तिथे मायकेल गॅस्टर यांनी काटेकोर प्रयोगांचे निष्कर्ष मांडले: योग्य लवचिकतेच्या पृष्ठावर प्रवाहातील अस्थिरता खरोखरच मंद गतीने वाढते. दरम्यान ग्रे यांचे डॉल्फिनचे गणितच चुकीच्या गृहीतांवर उभे होते, हे उघड झाले. डॉल्फिनचे स्नायू त्यांच्या अंदाजाहून पुष्कळ अधिक बलवान निघाले. चुकीच्या कोड्याचे उत्तर शोधता शोधता एक खरी गोष्ट हाती लागली, असा हा प्रकार.

या संशोधनातील एक निष्कर्ष नीतीच्या विचारात आवर्जून घ्यावा असा आहे. पृष्ठ जितके मऊ तितके बरे, असे नाही. एका मर्यादेपलीकडे मऊ झालेले पृष्ठ प्रवाहाला शांत करण्याऐवजी स्वतःच फडफडू लागते, त्यावर वळ्या उठतात, आणि मग ते टणक पृष्ठाहूनही अधिक गोंधळ माजवते. महापुरात वृक्ष उन्मळतात आणि लव्हाळे टिकते, हा तुकोबांचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या दृष्टांतात नम्रतेचे फळ स्वतः वाचणे हे आहे. इथे अपेक्षा अधिक आहे. पृष्ठाने नुसते वाकून निभावायचे नाही; आपल्या वाकण्याने प्रवाहाला शांत ठेवायचे आहे. त्यासाठी वाकण्याला मर्यादा हवी आणि आत काही ठाम बैठक हवी. रबराच्या खाली पोलाद असते म्हणून रबराचा उपयोग होतो.

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना हे निराळे समजावून सांगायला नको. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव. गावे निराळी, पण आपली घराणी दोन भाषांच्या सीमास्तरातच वाढली. ज्यांनी पूर्वजांच्या मानमरातबाचे पोलाद बाहेरच्या बाजूला ठेवले, त्यांच्याभोवती सदैव खळबळ राहिली आणि शेजारच्याचे बोलणे त्यांना कधी ऐकू आले नाही. जे सर्वस्वी मऊ झाले, त्यांच्या घरात तिसऱ्या पिढीला आजीचे पत्र वाचता येईनासे झाले. ज्यांना आत बैठक आणि बाहेर लवचिकता असे जमले, त्यांच्याकडे दोन्ही भाषा सुखाने नांदल्या. असो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता या शांततेच्या हेतूचा प्रश्न. लेप कशासाठी? ऐकण्यासाठी, की लपण्यासाठी? तंत्रज्ञान दोन्हींसाठी जवळजवळ एकच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी काही पाणबुड्यांवर छिद्रे असलेल्या कृत्रिम रबराचे आवरण चढवले होते. त्याचा हेतू प्रवाहाचा कल्लोळ शमविण्याचा नव्हता. शत्रूच्या सोनारचा प्रतिध्वनी शोषून घेण्याचा होता. त्यांपैकी ‘यू-४८०’ ने ऑगस्ट १९४४ मध्ये इंग्लिश खाडीत कॅनडाची ‘अल्बर्नी’ ही नौका बुडवली. पुढे १९४५ मध्ये तीही सुरुंगांच्या क्षेत्रात तिच्या सर्व माणसांसह बुडाली. डॉल्फिनची त्वचा अभ्यासणाऱ्या क्रेमरने महायुद्धात काय केले होते? ‘फ्रिट्झ एक्स’ हा नियंत्रित बाँब त्याच्याच रचनेचा. ९ सप्टेंबर १९४३ रोजी त्याच बाँबने ‘रोमा’ ही इटालियन युद्धनौका बुडाली आणि तिच्यावरील तेराशेच्या आसपास माणसे मेली. एकाच बुद्धीने दोन्ही गोष्टी केल्या.

‘साधन निर्दोष असते, दोष वापरणाऱ्याचा’ असे म्हणून आपण अशा ठिकाणी सुटका करून घेतो. मला ते पुरेसे वाटत नाही. पण उलट बाजूचे ‘युद्धाला उपयोगी पडणारे ज्ञानच त्याज्य’ हेही पटत नाही. ‘खुकरी’वरील माणसांना चालत्या जहाजातून ऐकता आले असते, तर कदाचित वेग सोडावा लागला नसता. कोचीच्या नौदल भौतिक व सागरविज्ञान प्रयोगशाळेत आपल्या शास्त्रज्ञांनी स्वदेशी सोनार घडवले, त्यांना कोणी हिंसेचे भागीदार म्हणेल असे मला वाटत नाही. तरीही एक भेद शिल्लक राहतोच. ऐकण्यासाठी शांत होणारा दुसऱ्याच्या अस्तित्वाला मान देतो. तो आहे, आणि त्याचे मला कळले पाहिजे, असे म्हणतो. लपण्यासाठी शांत होणारा आपले अस्तित्व दुसऱ्याला कळू देत नाही. बाहेरून दोन्ही मौने सारखीच दिसतात. कचेरीत वर्षानुवर्षे मी दोन्ही प्रकारची माणसे पाहिली: ऐकण्यासाठी गप्प बसणारी थोडी, आणि अंगाला काही लागू नये म्हणून गप्प बसणारी पुष्कळ.

याहून सूक्ष्म असा आणखी एक भेद आहे. घुमटावरचा लेप माझ्या कानावरचा माझा गोंगाट कमी करतो. माझ्यामुळे समुद्रात पसरणारा गोंगाट त्याने फारसा कमी होत नाही. मालवाहू जहाजांचा दूरवर ऐकू जाणारा आवाज मुख्यतः पंख्याभोवती फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आणि यंत्रांचा असतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यावरील जहाजांची वर्दळ थंडावली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातील आवाज सहा डेसिबलांनी उतरला. आणि त्याच काळात तिथल्या राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणदर्शक संप्रेरकांचे प्रमाण घटलेले आढळले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देवमाशांनी तक्रार कुणाकडे केली नव्हती. आपण काही दिवस गप्प झालो, तेव्हाच त्यांच्यावर काय गुजरत होते ते आपल्याला कळले.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या चंबळेत गंगेच्या डॉल्फिनची थोडी वस्ती आहे. हा प्राणी जवळजवळ अंध. गढूळ पाण्यात तो ध्वनीवरच जगतो, स्वतः आवाज करतो आणि त्याचे प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य शोधतो. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित करण्यात आले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत देशभरात त्यांची संख्या सुमारे ६,३०० आढळली. गंगेतील जलवाहतुकीचा आवाज, विशेषतः उन्हाळ्यात पाणी उथळ असताना, त्याला किती त्रासदायक ठरतो, याचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्याच्या त्वचेकडून आपण शांततेचा धडा घेऊ पाहिला, त्याच्याच आप्ताच्या कानाशी आपण यंत्रे लावून बसलो आहोत. स्वतःचा कान स्वच्छ करणे आणि दुसऱ्याचा कान मोकळा ठेवणे ही दोन निरनिराळी कर्तव्ये आहेत. पहिले पार पाडल्याने दुसरे फिटत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांचा पाण्यातील आवाज कमी करण्याबाबत २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये त्या सुधारल्या. परंतु त्या पाळणे ऐच्छिक आहे.

हे सारे लिहिण्याचे माझे खरे कारण अजून सांगितलेले नाही. ते सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल.

१९९० च्या दशकात एका सिंचन तलावासाठी भूसंपादनाचे काम माझ्याकडे होते. त्या वेळी १८९४ चा कायदा चालू होता. त्यातील नवव्या कलमाखाली नोटिसा निघत आणि ठरलेल्या दिवशी खातेदारांचे दावे ऐकले जात. आमच्या भाषेत त्याला ‘सुनावणी’ म्हणतात. हा शब्द मी सेवेत हजारो वेळा लिहिला. त्यात ऐकणे आहे, हे मला निवृत्तीनंतर जाणवले. त्या दिवशी १४३ दावे होते. पावसाळ्यापूर्वी निवाडा व्हावा, असा वरून आग्रह होता, आणि तो गैरही नव्हता. तलाव लांबला तर खालच्या गावांचे आणखी एक वर्ष कोरडे जाणार होते. दुपारपर्यंत माझी गती चांगलीच वाढली होती आणि मला तिचा अभिमानही वाटत होता. एक वृद्ध शेतकरीण समोर आली. तिचा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र, वर्ग, झाडे मी वाचून दाखवली. ती म्हणाली, “साहब, कुआँ रह गया।” मला ते शब्द ऐकू आले. परंतु सकाळपासून चाळीस जणांनी काही ना काही ‘राहिल्याचे’ सांगितले होते आणि त्यांतील बहुतेक सांगणे निराधार होते. माझ्या कानावर त्याच थापा चालू होत्या. ही त्यांतलीच एक, असे मी धरले. पेशकार म्हणाला, “अम्मा, आगे बढ़ो।” ती पुढे गेली.

विहीर खरोखरच होती; बांधलेली, बारमाही पाण्याची. मोजणीच्या कागदात ती सुटली होती. हे मला कळले तेव्हा निवाडा होऊन गेला होता आणि अठराव्या कलमाखाली न्यायालयाकडे जाण्याची मुदतही टळली होती. निवाड्यातील कारकुनी चूक सहा महिन्यांत दुरुस्त करण्याची तरतूद कायद्यात होती. परंतु न ऐकणे ही कारकुनी चूक नव्हे. मी वर टिपणी पाठवली. नियमात बसत नाही, या शेऱ्यासह ती परत आली. शेरा नियमाला धरूनच होता.

मी या प्रसंगाचा अनेक वर्षे स्वतःपुरता निवाडा करीत आलो. मोजणी करणाऱ्याची चूक, कामाचा बोजा, वरचा दबाव. सर्व कारणे खरी आहेत. तरीही ती समर्थन का ठरत नाहीत, हे मला त्या लवचीक लेपाने समजावले. वेगाने चालणाऱ्या जहाजावर लेप प्रवास सुरू झाल्यानंतर चढवीत नाहीत. तो आधी, गोदीत, शांतपणे चढवावा लागतो. ज्याला आपल्या कर्तव्यामुळे धावावेच लागणार आहे, त्याला आपण बहिरे होणार हे आधीच ठाऊक असते. म्हणून धावण्याची सूट त्याला आहे, तयारी न करण्याची नाही. त्या १४३ खातेदारांची स्थळपाहणी आदल्या आठवड्यात एखाद्या निराळ्या माणसाकडून करवली असती, तर खरे सांगणे आणि निराधार सांगणे यांचा भेद माझ्या कानापुढे सुनावणीपूर्वीच उभा राहिला असता. तेवढा वेळ होता. मीच तो घेतला नाही, कारण मी चांगला ऐकणारा आहे, अशी माझी समजूत होती.

आणि जुना तोडगाही होताच: धावून झाल्यावर क्षणभर मंदावणे. त्यानंतरच्या प्रत्येक सुनावणीत शेवटी उभे राहून मी एकच प्रश्न विचारीत असे: “किसी का कुछ रह गया?” आणि दोनचार मिनिटे खरोखरच थांबत असे. बहुतेक वेळा कोणी बोलत नसे. कधी एखादा हात वर होई. या प्रश्नाने काही फार मोठे साधले, असा माझा दावा नाही. आणि त्याने त्या वृद्धेचे देणे फिटले, असे तर मुळीच नाही. तिला पैसे मिळाले नाहीत, ही वस्तुस्थिती माझ्या नंतरच्या शहाणपणाने बदलत नाही. पश्चात्तापाचा उपयोग पुढच्याला होतो; ज्याचे नुकसान झाले त्याला होईलच असे नाही. नीतिशास्त्रातील ही कटू बाजू आपण लपवू नये.

आज सुनावण्या अधिक जलद झाल्या आहेत. तक्रार दूरध्वनीवर नोंदवता येते, तिला क्रमांक मिळतो, निकालाची मुदत ठरलेली असते. मी त्याला नावे ठेवणार नाही. चाळीस कोस चालून येणाऱ्या माणसाची पायपीट वाचली, हे लहान काम नव्हे. हेही एक प्रकारचे कवचच आहे. ते पोलादाचे आहे की रबराचे, दूरवरून आलेला क्षीण आवाज त्यातून आरपार जातो की तिथूनच परततो, हे मात्र प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल. ही तपासणी खुर्चीवरच्या माणसाला एकट्याने करता येणार नाही. आपला कल्लोळ आपल्याला समुद्राचाच वाटतो, हे वर आलेच आहे. ज्याचे काही राहिले, त्यालाच विचारावे लागेल.

तो तलाव पुढे झाला आणि चांगला झाला. खालच्या सात गावांना पाणी मिळते. दोन वर्षांपूर्वी त्या बाजूला जाण्याचा योग आला, तेव्हा बांधावर थोडा वेळ थांबलो. पाणी भरलेले होते, वारा नव्हता. त्या शेताची जागा मला नकाशावरून ठाऊक होती. बांधापासून डाव्या हाताला, साधारण दोनशे पावलांवर. विहीर तिथेच आहे, पाण्याखाली.